उसनं रडू

"पुन्हा घेऊ या," हेडफोनमधून हेरंब सरांचा आवाज आला. "मॅडम, रडताय तुम्ही छान. पण कुणीतरी बाई रडतेय असं वाटतंय. ती रडतेय असं नाही वाटत."

"सॉरी सर."

"सॉरी नका म्हणू. तिचा श्वास बघा. रडायच्या आधी ती तो कुठं अडकवते ते बघा."

पडद्यावर पुन्हा तोच नळ आला, तीच मुलगी. शाळेच्या मागच्या अंगाला नळावर नववीतली एक मुलगी स्टीलचा डबा घासतेय. डबा तिचा नाही. ज्या मुलाचा आहे त्याच्या वडिलांची बदली झालीय, घरचं सामान टेम्पोत चढलंय आणि डबा तेवढा वर्गात राहिलाय. ती तो घासते, विसळते, उपडा धरून निथळू देते आणि स्वतःशीच म्हणते, "राहिला तर राहू दे. मी नाही आणून देणार." मग तिला रडू फुटतं.

एवढंच. सबंध सिनेमात ती दोघं एकमेकांच्या हाताला हातही लावत नाहीत. शाळकरी, पोरसवदा प्रेम. ते खरं होतं की नाही, हे बघणाऱ्याला या एका रडण्यावरून कळायचं होतं. हे पटलं नाही तर माझा सिनेमाच पटणार नाही, असं हेरंब सर मला आल्या आल्या म्हणाले होते.

शाळेत चित्रीकरण झालं तेव्हा मागच्या रस्त्यावरून कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर सारखे जात होते. त्यांच्या घरघरीत त्या मुलीचं रडणं अर्धंअधिक बुडालं होतं. जागेवर मुद्रित झालेल्या त्या आवाजाला पायलट म्हणतात. तो कानात ऐकायचा, पडद्यावरचे ओठ बघायचे आणि त्यावर आपला आवाज बसवायचा. कार्टूनमधली पोरंटोरं आणि जाहिरातीतल्या शाळकरी मुली मी लग्नाआधीपासून अशाच करत आले होते. पण बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. आवाज जरा जड झालाय असं मला घरी सारखं वाटायचं. तो गेला असेल तर काय, हे मी नवऱ्यालाही विचारलं नव्हतं.

"बाकीचं सगळं तिनं काल स्वतः केलं," सर म्हणाले होते. "बोलते व्यवस्थित. पण हे तिच्याच्यानं व्हायचं नाही. ती काही नटी नाही हो, गडहिंग्लजकडच्या खेड्यातली पोर. त्या दिवशी आम्ही ते तिच्याकडून काढून घेतलं. आता या एसीत, माइकसमोर ती कुठून आणणार?"

"काढून घेतलं म्हणजे?"

"असतात एकेक युक्त्या." ते हसले. "बाहेर मात्र बोलू नका. आईला वाटतंय, शेवटच्या प्रसंगासाठी तिलाच हाक येणार."

ती आई आणि ती मुलगी बाहेरच्या खोलीत सकाळपासून बसून होत्या. आणि माझी आठ महिन्यांची सई त्यांच्याच मांडीवर होती.

सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सईला घेऊन यावं लागलं होतं. तिला कुणाच्या हाती द्यायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. राजश्रीताईंनी, त्या मुलीच्या आईनं, हात पुढं केले तेव्हा मी आधी विचारलं होतं, "तुम्हाला सर्दीबिर्दी नाही ना?" त्या उठल्या, बेसिनवर साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आल्या आणि परत हात पुढं केले.

"द्या आता. आणि तुम्ही कुणाचा आवाज देताय म्हणं?"

"किरकोळ आहे," मी म्हटलं. "गर्दीतले वगैरे."

"मग लवकर हुईल. आमच्या अक्षताचं व्हायचंय अजून. रडायचं राहिलंय."

अक्षता मगदूम. पडद्यावर दिसायची त्याहून बारीक, वेण्या वर बांधलेल्या. कोल्हापूरकडच्या मुली बोलतात तशी 'मी आलो, मी गेलो' बोलायची. सिनेमात तेवढं बदलून घेतलं होतं तिच्याकडून. ती सईपुढं चुटक्या वाजवत होती आणि सई तिच्याकडे टक लावून बघत होती.

माइकच्या खोलीला जाड दार होतं आणि दाराला बाहेरचं दिसावं म्हणून काचेचा एक चौकोन. आवाज येत नसे. मी प्रत्येक टेकच्या आधी त्या चौकोनातून बघून घेत होते. सईच्या तोंडात काही नाही ना. सोफ्याच्या कडेला तर नाही ना.

"सर फोनवर आहेत, तोवर एकदा नुसतं ऐकून घ्या," काचेपलीकडून तांबोळी, आमचे रेकॉर्डिस्ट, म्हणाले आणि त्यांनी पायलट मागे नेला. जरा जास्तच मागे.

नळाचं पाणी. ट्रॅक्टर. कुणीतरी खोकलं. मग हेरंब सरांचा आवाज, माइकच्या अगदी जवळ, हळू.

"अक्षता, इकडे बघ. आत्ता सांगणार नव्हतो. घरून फोन आला होता. तुमचा वाघ्या... ट्रॅक्टरखाली आला, बाळा."

बराच वेळ नुसतं पाणी. कुणीतरी कुजबुजलं, "चालू कर, चालू कर." मग ते वाक्य आणि ते रडणं. आधी घशात अडकलेलं, मग नाकातून, मग एकदम लहान पोरासारखं. कट. टाळ्या. सर मोठ्यानं हसत म्हणत होते, "अगं वेडे, वाघ्या मजेत आहे. गंमत केली." त्या गलक्यात अक्षताचा आवाज आला, "अजून एक घ्यायचा का, सर?" आणि पायलट संपला.

"कुत्रा?" मी विचारलं.

"कुत्रा," तांबोळी म्हणाले. "पोरगी कशानं रडती म्हणून सरांनी विचारलं, तर आईनंच नाव सांगितलं म्हणे. करतात असं, मॅडम. लहान पोरांकडून काम काढायचं म्हणजे."

मी चौकोनातून बाहेर बघितलं. राजश्रीताई सईला पायांवर घेऊन झुलवत होत्या. या बाईनं. सईला आत्ताच्या आत्ता घेऊन यावं असं वाटलं, पण तेवढ्यात सर परत आले आणि लाल दिवा लागला.

"हां मॅडम. शेवटचा प्रयत्न करू. नाहीतर पुण्याला एक मुलगी आहे, तिला विचारतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

नळ. डबा. मी वाक्य म्हटलं. आणि श्वास अडकवायला मान वर केली तेव्हा चौकोनात सई दिसली.

ती रडत होती. कुणीतरी तिला उचलून अगदी काचेपाशी आणली होती. तोंड पूर्ण उघडलेलं, डोळे मिटलेले, टाळू दिसत होती. आवाज मात्र नाही. आवाज माझ्या कानात होता, अक्षताचा. आणि तो सईच्या तोंडावर तंतोतंत बसत होता. ती तोंड मिटायची तेव्हा कानातला हुंदका थांबायचा, ती उघडायची तेव्हा सुरू व्हायचा.

मी हेडफोन काढून पळत जायला हवं होतं. दार दोन पावलांवर होतं. मी गेले नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि माइकमध्ये रडत राहिले. छातीत कळ आली, पान्हा फुटला, कुडता ओला झाला, आणि मला हेही कळत होतं की टेक चांगला चाललाय.

"हे," सर म्हणाले. "हे खोटं असूच शकत नाही."

मी ओढणी छातीवर ओढून घेतली आणि बाहेर आले. सई अक्षताच्या खांद्यावर होती, हुंदके देत.

"भूक लागली असंल," राजश्रीताई म्हणाल्या. "मी दार वाजवणार हुते, पर वर लाल दिवा."

मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि सईला पाजायला घेतलं. अक्षता वळसा घालून माझ्यासमोर आली.

"ताई, माझं रडू तुम्ही केलासा?"

मी सईवरची ओढणी सारखी केली.

"काय म्हणतीस गं?" राजश्रीताई म्हणाल्या.

"आई, पडद्यावर मी होतो. रडत ह्या होत्या. बाळाला आई दाखवावी म्हणून काचंपाशी नेलो, तवा बघितलो."

"गर्दीतले आवाज म्हणाला होता तुम्ही," राजश्रीताई मला म्हणाल्या. रागावून नाही. आपलंच काहीतरी ऐकायचं चुकलं असावं तसं.

तेव्हाच गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण खोटं उघडं पडलं की माणूस दुसऱ्याचं खोटं शोधायला लागतो.

"हे बघ अक्षता," मी म्हटलं, "सरांना वाटतं, तुला ते परत जमणार नाही."

"मला इचारलंच न्हाई कुणी."

"कारण तेव्हा तू अभिनय केला नव्हतास ना. तुला फसवून रडवलं होतं. वाघ्या मेला असं सांगून." ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या शांतपणानं मला आणखीच चेव आला. "आणि ते नाव सरांना तुझ्या आईनं सांगितलं. मी आत्ता ऐकलं." मी राजश्रीताईंकडे वळले. "कुठल्या आईला असं सुचतं हो? पोटच्या पोरीला रडवायचं आणि वर बघत उभं राहायचं?"

हे म्हणताना सई माझ्या अंगाला लागलेली होती. अजून तिचा एखादा हुंदका मध्येच येत होता.

राजश्रीताई सईचं दुपटं घडी करत होत्या. त्यांनी घडी पुरी केली. ती मोडली. परत घालायला घेतली.

"सर म्हटले, पोरीचं नाव हुईल," त्या दुपट्याकडे बघत म्हणाल्या. "मला काय त्यातलं कळतंय."

अक्षता माझ्याशी बोललीच नाही. ती आईजवळ जाऊन बसली.

"मला म्हाईत हुतं, आई."

"काय म्हाईत हुतं?"

"तू सरांना सांगत हुतीस तवा मी कनातीच्या पलीकडंच वेणी घालत हुतो. तू म्हटलीस, वाघ्यावर लई जीव हाय तिचा. मी ऐकलो."

"मग तू रडलीस कशी?" मीच विचारलं.

तिनं खांदे उडवले. "रडायचं हुतं म्हणून रडलो. कुत्रं मेल्यावर माणूस जरा वेळ गप बसतंय, म्हणून आधी गप बसलो. मग डब्याकडं बघितलो. मग रडलो."

"आणि सांगितलं नाहीस कुणाला?"

"सर सगळ्यांना सांगत हुते, मी कसं रडवलं बघा म्हणून. लई खूश हुते." तिचा आवाज खाली गेला. "आणि सांगितलं असतं तर आईला कळलं असतं, मी ऐकलंय म्हणून. तिला कसंतरी वाटलं असतं."

राजश्रीताईंनी दुपटं तोंडाला लावलं.

अजून एक घ्यायचा का, सर? मी ते वाक्य कानानं ऐकलं होतं. कुत्रं मेलं म्हणून खरंच रडलेली पोर असं विचारत नाही. विचारते ती काम करणारी पोर. मला आवाजातलं कळतं म्हणून मला बोलावलं होतं.

सई पिऊन झाली होती. काय झालं असं विचारावं तशी ती आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होती. अक्षता तिच्यासमोर उकिडवी बसली.

"हिला दाखवू?" ती म्हणाली आणि बाकावरचा आपला पाण्याचा स्टीलचा तांब्या तिनं हातात घेतला. तो उपडा धरला. "राहिला तर राहू दे," ती तांब्याला म्हणाली. "मी नाही आणून देणार."

त्या खोलीत ट्यूबलाइट होती, भिंतीला नटनट्यांची पोस्टरं होती, कोपऱ्यात पाण्याचे जार होते. काही क्षण त्यातलं काहीच नव्हतं. तिचा श्वास घशात अडकला आणि ते रडणं आलं. कानात मी ऐकलं होतं तेच, पण ट्रॅक्टरशिवाय. त्यात कुत्रं नव्हतं. भूक नव्हती. नळावर उभी राहिलेली एक मुलगी होती आणि एक मुलगा गाव सोडून गेला होता.

सईनं ओठ काढला. तिची हनुवटी थरथरली आणि ती भोकाड पसरणार एवढ्यात अक्षतानं डोळे पुसले, गाल फुगवून फुस्सकन हवा सोडली. सई हसली.

"अजून एक?" अक्षतानं तिला विचारलं.

मी सईला राजश्रीताईंकडे दिलं. या वेळी सर्दीचं विचारलं नाही. अक्षताला घेऊन मी आत गेले आणि सरांना म्हटलं, हिला एकदा करू द्या.

"टेक झालाय मॅडम."

"एकदाच. आणि सर, तिला वाघ्याचं आधीच माहीत होतं. तिनं तो अभिनय केला होता."

सर हसले, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आता असं म्हणते का? म्हणणारच. रडवलेलं कुणाला आवडतं? बरं, करू दे. तिच्या मनात राहायला नको."

अक्षता माइकसमोर उभी राहिली. तिच्या उंचीला माइक खाली करावा लागला. मी कन्सोलपाशी, सरांच्या मागे उभी होते. तिनं एकदाच केलं. ओठाला ओठ जुळला. तांबोळींनी वर बघितलं आणि परत खाली बघितलं.

सर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी माझा टेक लावला. मग परत तिचा.

"छान केलंय पोरीनं," ते म्हणाले. "पण अभिनय वाटतो हो. तुमच्यात काहीतरी आहे. एकदम आतून आलेलं." त्यांनी खुर्ची वळवली. "तुम्हीच सांगा. तुमचा कान आहे. कुठला ठेवू?"

काचेपलीकडे अक्षता उभी होती. तिला आमचं काही ऐकू येत नव्हतं. हेडफोन गळ्यात, दोन्ही हातांनी त्याची वायर धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला सांगायचं होतं, माझ्या रडण्यात तो मुलगा नाहीच. त्यात माझं भुकेलं बाळ आहे आणि त्याच्याकडे न गेलेली मी आहे. पण हे सांगितलं असतं तर, मला रडता येत नाही, माझं बाळ रडावं लागतं, हेही सांगावं लागलं असतं. आणि मग पुण्याची ती मुलगी होतीच.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते ठेवा."

"मग तुमचाच," सर म्हणाले.

अक्षतानं माझ्या ओठांकडे बघूनच ते ओळखलं असावं. तिनं हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि खुंटीला अडकवला.

सिनेमा वर्षभरानं लागला. पहिल्या खेळाला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. अक्षता आणि राजश्रीताई माझ्या पुढच्याच रांगेत होत्या. अक्षता उंच झाली होती. मध्यंतरात लोक तिच्यासोबत फोटो काढत होते, आणि हेरंब सर दोघातिघांना वाघ्याची गोष्ट सांगत होते. ती शेजारी उभी राहून ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकतेय अशी. राजश्रीताईंनी माझ्या हातातून सईला आपणहून घेतलं, तिचे गाल कुस्करले आणि परत दिलं.

सई आता दुसरीत आहे. तिला यातलं काही आठवत नाही. त्या खेळाच्या वेळी ती जेमतेम चालू-बोलू लागली होती, आणि तो प्रसंग येईपर्यंत माझ्या मांडीवर उभी राहून पडद्यावरचे रंग बघत होती.

नळ आला. डबा आला. "राहिला तर राहू दे. मी नाही आणून देणार." आणि सगळ्या थिएटरभर मी रडू लागले.

कुणीतरी नाक ओढलं. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती खरं करते गं ही पोर." राजश्रीताईंनी पदर डोळ्यांना लावला. तो आवाज लेकीचा नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी लावला.

सई पडद्याकडे बघायची थांबली. ती गर्रकन वळली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघू लागली. तिनं माझ्या एका गालावरून हात फिरवला, मग दुसऱ्या. गाल कोरडे होते. तिनं माझ्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं, परत पडद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"आई?" ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं.

अक्षता मागे वळली. पडद्याचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता आणि त्या उजेडात तिचेच ओठ तिच्यामागे रडत होते. ती सईकडे बघून हसली.

"हिला न्हाई पटलं बघा, ताई," ती हळूच म्हणाली, आणि पुन्हा पुढे वळून बसली.